अठराशेचं दीपगृह

गुलाबरावकाका लोकांच्या घरातल्या वस्तू चाटून पाहायचे. बोलण्याची रीत म्हणून सांगत नाही, खरोखर जीभ बाहेर काढून चाटायचे. अमरावतीच्या त्या कॉलनीत आम्ही नवीन राहायला गेलो, तेव्हा तिसऱ्याच दिवशी ते सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आले. वाटी माझ्या बायकोच्या हातात दिली, टीव्हीशेजारची फुलदाणी उचलली, उलटी केली आणि तिच्या बुडाला जीभ लावली. मग तीर्थ घेतल्यासारखे डोळे मिटून क्षणभर थांबले. "चिनी माती नोय. पीओपी हाय. कितीले घेतली?" बायकोने घाबरत साडेपाचशे सांगितले. "दीडशेची हाय," म्हणाले, फुलदाणी शर्टाच्या बाहीला पुसली आणि होती तिथे ठेवून दिली.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करतो. लोकांची थुंकी काचेवर पसरून तपासायची, यावर माझं पोट चालतं. थुंकीत काय काय असतं हे मला जरा जास्तच ठाऊक आहे. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायकोने फुलदाणी फिनाइलने धुतली आणि गॅलरीत नेऊन ठेवली. ती आजतागायत घरात आलेली नाही.

हा माणूस अकोटला कापसाच्या खरेदी केंद्रावर ग्रेडर होता, म्हणजे मालाची प्रत ठरवणारा. गाडीतला कापूस उपसायचा, बोटांत धागा ओढायचा, सरकी दाताखाली धरायची. कट् वाजली तर माल सुका, दबली तर ओला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतातली धूळ तोंडात घेतल्यावर माणसाला कशाचीच घाण वाटत नसावी. रिटायर झाल्यावर कापूस सुटला, सवय राहिली. मग काय, आमच्या कपबश्या, गणपती आणि समया त्यांच्या तावडीत सापडल्या. प्लास्टर जिभेला चिकटतं, चिनी माती चिकटत नाही, हे त्यांनी मला किमान वीस वेळा समजावून सांगितलं असेल. "तोंडाले रंग असते, बुडाले नसते. म्हून बुड पाह्याचं," असं म्हणायचे.

लाजलज्जा म्हणून काही नव्हती. शेजारच्या लग्नात मुलीच्या आत्याने दिलेला डिनर सेट त्यांनी आत्याच्या देखत चाटला आणि "सेकंड हाय" म्हणून जाहीर केलं. आत्या न जेवताच निघून गेली. तरी कोणाच्या घरी काही विकायचं-घ्यायचं निघालं, की निरोप यांनाच जायचा. कारण एकच. त्यांनी सांगितलेला भाव ना कधी घेणाऱ्याच्या बाजूने झुकला, ना देणाऱ्याच्या. सख्ख्या मेव्हण्याचा कापूस त्यांनी भर केंद्रावर दुय्यम ठरवला होता. मेव्हण्याने त्यानंतर उंबरा ओलांडला नाही आणि काकूंचं माहेर तुटलं ते तुटलंच. राखीला काकू दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर येत नसत. काका ओसरीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत राहायचे.

आता दीपगृहाचं सांगतो. आमचे वडील भूगोलाचे मास्तर, शेवटपर्यंत माझ्याजवळच राहिले. त्यांच्या एका विद्यार्थ्याने अमेरिकेतून त्यांना वीतभर उंचीचं दीपगृह पाठवलं होतं. खाली खडक, खडकावर लाल कौलांचं घर, घराला काडीएवढ्या पट्ट्यांचं पांढरं कुंपण, आणि मधोमध मनोरा. बुडाला कंपनीचा नंबर घातलेला. समुद्र आमच्या घरात कोणी पाहिला नव्हता, पण हे दीपगृह ताई लग्नाआधी रोज फडक्याने पुसायची. वडील तिला म्हणायचे, "सांभाळून पूस, जहाज बुडेल."

वडील गेले, वर्षश्राद्ध झालं, आणि वलगाव रोडवरच्या प्लॉटची गोष्ट निघाली. आम्ही तिघं. अकोल्याला राहणारा दादा, चांदूर बाजारला दिलेली ताई, आणि मी धाकटा. प्लॉटला चार लाखांच्या आसपास गिऱ्हाईक होतं. आमच्याकडे बहिणीला लुगडं नेसवून हक्कसोड पत्रावर सही घेण्याची रीत आहे, ती सगळ्यांनाच माहीत असते. पण ताईने आधीच सांगून टाकलं होतं, की मुलीची नर्सिंगची फी भरायची आहे, लुगडं नको, वाटा द्या.

दादाने डोकं चालवलं. त्याने मोबाइलवर ते दीपगृह शोधून काढलं. कंपनीने तो नमुना बनवणं केव्हाच बंद केलं होतं. तिकडे अशा वस्तूला 'रिटायर्ड' म्हणतात. आमचे वडील रिटायर झाल्यावर त्यांची किंमत घरात कमी झाली, या खेळण्याची मात्र वाढली होती. कोणीतरी त्याचे दोन हजार डॉलर मागत होतं, म्हणजे आपले सव्वा लाख. दादा म्हणाला, "ताईले लाइट हाऊस द्याचं. तिचा जीवच हाय त्याच्यात. सव्वा लाखाची वस्तू, सव्वा लाखाचा वाटा. प्लॉट आपल्या दोघायचा." ऐकून मला कसंतरी झालं, हे खरं. पण मी नाही म्हटलं नाही, हेही तितकंच खरं. ताईची एकच अट होती, की भाव गुलाबरावकाकांनी सांगावा.

वाटणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी पेढ्यांचा पुडा घेऊन काकांकडे गेलो. मी स्वतः. दादाने पाठवलं म्हणून सांगून सुटता येईल, पण मला कोणी ढकललं नव्हतं. दीपगृह त्यांनी वडील असताना आमच्या घरी दहादा पाहिलं होतं. मी म्हणालो, "काका, इंटरनेटवर सव्वा लाख लिहून हाय. तुमी उद्या तेवढंच म्हना. खोटं थोडीच हाय?" त्यांनी पुडा सोडला, एक पेढा तोंडात टाकला, जिभेने टाळूवर फिरवला. "खवा शिळा हाय," म्हणाले. "मास्तरचा पोरगा ना तू?" एवढंच विचारलं आणि पुडा बांधून माझ्या हातात परत दिला.

दुसऱ्या दिवशी दहाला आले. दीपगृह दोन्ही हातांनी उचललं, उलटं केलं, आणि आम्हा सगळ्यांसमोर वडिलांच्या त्या आवडत्या वस्तूला बुडापासून कुंपणापर्यंत तीन ठिकाणी चाटलं. मी तोंड फिरवलं. ताई मात्र पदर कमरेला खोचून शांत उभी होती.

"कुंपन तुटून गोंदानं चिकटवेल हाय," काका म्हणाले. "डबा कुठी हाय याचा?"

डबा नव्हता. वडिलांनी त्यात खडू ठेवले होते, तो केव्हाच फाटला. दादाने लगेच मोबाइल पुढे केला. "काका, भाव तं हा लिहून हाय ना. दोन हजार डॉलर."

"हा मांगनाऱ्याचा भाव झाला बाप्पा. कापसाचा बंडीवाला मांगते थो भाव नसते, हर्रासीत सुटते थो भाव. मांगनाऱ्याले तोंड असते, घेनाऱ्याले खिसा असते." मग माझ्या बायकोकडे वळले. "सूनबाई, जे इकल्या गेले थे दिसते का याच्यात?"

बायकोने खालीवर करून विकले गेलेले नग काढले. वाचून दाखवले. डब्यासकट, न तुटलेलं, पन्नास डॉलर. बिनडब्याचं पस्तीस. एक तीसला गेलेलं.

"तीस धरा. अठराशे रुपये," काका म्हणाले आणि हात झटकून उठले. "याच्या वर एक पैसा सांगन तं माही जीभ झडन."

मग ताई म्हणाली, "मंग माह्या वाट्यातून अठराशे कापा, अन् बाकीचे द्या. मनोरा मी नेतो." आणि काकांना सोडायला ती फाटकापर्यंत गेली.

प्लॉट विकला, ताईला तिचे पैसे द्यावे लागले, भाची नर्स झाली. दादाने त्या दिवसापासून ताईशी बोलणं टाकलं. मी काकांशी टाकलं. समोरून दिसले की मी रस्ता बदलायचो. बायकोला सांगायचो, असल्या गलिच्छ माणसाला घरात घेऊ नकोस. थुंकीचं निमित्त माझ्याजवळ आयतंच होतं.

आश्चर्य ताईचं. ती दर भाऊबीजेला चांदूर बाजारहून एसटीने यायची, मळ्यातल्या संत्र्यांची पेटी घेऊन. अकोल्याला जायची नाही, माझ्याकडे मात्र न चुकता. मी मनात म्हणायचो, भोळी आहे बिचारी, तिच्या काही लक्षातच आलं नाही.

गेल्या वर्षी काकांची छाती भरली. कापसाची तीस वर्षांची धूळ, ती जाते कुठे? त्यांची थुंकी तपासायला आमच्याच लॅबमध्ये आली. ज्या थुंकीची मी बारा वर्षं शिसारी बाळगली, ती काचेवर पसरून मी डोळा लावून बसलो. रिपोर्ट चांगला नव्हता. तो द्यायला मी घरी गेलो, बारा वर्षांत पहिल्यांदा. खाटेवर पडल्या पडल्या काकांनी विचारलं, "काय भाव निंगाला?"

"किरकोळ हाय काका. औषधानं जाईन."

"मांगनाऱ्याचा भाव सांगून राह्यला तू," ते म्हणाले आणि हसता हसता खोकायला लागले. मी नाकावर रुमाल धरला. त्या वेळीसुद्धा धरला.

यंदा दिवाळीच्या आधी ते गेले. तेरवीला ताई आली. जेवणं झाल्यावर मी तिला गाडीवर बसवून स्टँडवर सोडायला गेलो. बस लागायची होती. बाकावर बसून ती म्हणाली, "काका नसते तं माहं माहेर गेलं असतं रे."

मी म्हणालो, "काकांनी बरोबर भाव सांगितला म्हून?"

"भावाचं नाई. थ्या दिवशी फाटकापाशी मी त्यायले विचारलं, माह्या भावायनं तुमाले आंधीच काही शिकवून ठेवलं होतं काय म्हून. मले सारं समजत होतं, मी काय लहान होतो? मी ठरवलंच होतं, का आता पुन्हा या दोघायचं तोंड पाह्याचं नाई." ताईने पिशवी मांडीवर घेतली. "तं काका म्हने, मोठ्याचं मले माईत नाई. पन लहाना काल माह्या घरी आला होता. म्हने, काका, एकच बहीन हाय आमाले, दादाचं आयकू नका, जो खरा भाव हाय थोच सांगजा."

बस लागली. मी तिची पिशवी वर चढवून दिली. खिडकीतून तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तवा कळलं, का बाबा गेले तरी तू हायेस."

तिथेच, स्टँडवर, मला थुंकीने कधी आली नाही एवढी स्वतःची किळस आली, आणि ती धुवायला फिनाइल चालत नाही. ताईला मी अजून खरं सांगितलेलं नाही. परवा भाऊबीजेला ती आली, तिने मला ओवाळलं, आणि मी खाली मान घालून ओवाळून घेतलं. माझं बूड उलटं करून पाहिलेला एकच माणूस होता. ज्याने सख्ख्या मेव्हण्याचा माल दुय्यम ठरवला, बायकोचं माहेर तुटू दिलं पण भाव सोडला नाही, त्या माणसाने सगळ्या जन्मात एकच भाव चढवून सांगितला. माझा.