कोलशेतचा राउटर अडकत नाही

वायरचे उरलेले तुकडे खिशात टाकायची मला सवय. फेकवत नाहीत. मानपाड्याच्या कारखान्यातले किस्से तसेच साठलेत.

इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून मी तिथे केबल ओढायला लागलेलो. नव्वदचं दशक संपत आलेलं. मानपाडा, कोलशेत, ठाणे अशी तीन ऑफिसं, तीनशे कॉम्प्युटर. ते एकमेकांना जोडायचे म्हणजे प्रत्येक ठिकाणी राउटर हवा, इकडची माहिती तिकडे वाट दाखवून धाडणारी पेटी. मला एकच हवं होतं. त्या राउटरसमोर खुर्ची ओढून बसायचं आणि स्वतःच्या हाताने तो सेट करायचा.

*

निवड समितीत चार साहेब. कॉम्प्युटरला चौघांपैकी एकाचंही बोट लागलेलं नाही. दोन कंपन्यांचे नमुने आलेले, एक दांडगा, एक जेवणाच्या डब्याएवढा. चितळेसाहेबांनी दोन्ही उचलून पाहिले, बाजारात कलिंगड उचलतात तसे.

"हा जड आहे. टिकेल."

जोशीसाहेब म्हणाले, "दिवेही जास्त आहेत."

*

मी म्हटलं, चालवून तर बघू. कंपन्यांच्या माणसांनी मानपाडा आणि कोलशेत, दोन्ही टोकांना आपापले नमुने आळीपाळीने लावून दिले, मी मागे उभा. कोलशेतच्या टोकाला चारू पाटील, तिथली ऑपरेटर, कोलशेत गावातल्याच कोळ्यांची. तिला मी कधी पाहिलेलं नव्हतं, फोनवरचा आवाज तेवढा ओळखीचा. ती मला मानपाडा म्हणायची, मी तिला कोलशेत.

वीस मशीनवरून एकदम फाइल सोडल्या. जड राउटरने मान टाकली. छोट्याने सगळ्या पोचवल्या.

"बोल मानपाडा, कुठला घेतायत?"

"जड."

"आमचे बाबा जाळं घेताना आधी खाडीत टाकून बघतात. तुमचे साहेब वजनकाट्यावर ठेवतात काय रे?"

"मला नुसतं एकदा त्याच्यासमोर बसायचंय," मी म्हटलं. समितीला आकडे दाखवलेले, तेव्हा चितळेसाहेबांनी एवढंच विचारलेलं, "शिक्षण किती तुझं?"

*

तीन जड राउटर आले. हळदकुंकू, नारळ, मग काचेच्या कपाटात कुलूपबंद. आमची किल्ली चितळेसाहेबांकडे, कोलशेतची चारूकडे. आमचा रोज दुपारी अडकायचा, बंद करून परत चालू करावा लागायचा. एकदा साहेब किल्ली खिशात घालून जेवायला गेलेले. मी मजल्याचा मेन स्विचच पाडला आणि वर केला.

राउटर चालू झाला. सत्तर जणांचं सकाळपासूनचं काम गेलं. मेमोत माझं नाव पहिल्यांदाच बरोबर छापून आलं.

*

राउटरच्या ट्रेनिंगला एकाला पाठवणार होते. मी नवा शर्ट शिवून घेतला. सीनिऑरिटीप्रमाणे चितळेसाहेब गेले. रिटायर व्हायला त्यांना चार महिने होते. परत आल्यावर म्हणाले, "जेवण उत्तम होतं."

*

कोलशेतहून तक्रार कधीच आली नाही. साहेब मीटिंगमध्ये सुनवायचे, "राउटर तोच. तुम्हालाच वापरता येत नाही."

ते रिटायर व्हायच्या आठवड्यात मला कोलशेतला केबल बदलायला पाठवलं. मी तो नवा शर्ट घालून गेलेलो.

कपाटात जड राउटर, कुंकू वाळलेलं, दिवे लागलेले. मागे फक्त विजेची वायर. बाकी सगळ्या केबली टेबलाखाली उतरलेल्या. तिथे डब्याएवढा नमुना. कंपनीचं कोणी न्यायला आलंच नव्हतं.

"सेट कोणी केला?"

"सोबत पुस्तक होतं की," चारू म्हणाली.

"आणि साहेबांनी बघितलं तर?"

"दोनदा बघून गेले. दिवे लागलेत म्हणाले."

मग ती उठली आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

"बस, मानपाडा. कधीपासून उभा आहेस."

मी आधी हात पुसले, नव्या शर्टालाच.