हक्काचा आठवडा

मिस्त्रींना सुट्टीवर न्यायचं घोंगडं घरात कित्येक वर्षं भिजत पडलं होतं. स्वतःला ताप आला तरच ते सुतारकामाचं दुकान बंद ठेवत. पण लेकीला परदेशातल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली, थोड्याच दिवसांत ती निघणार असं ठरलं, आणि मिस्त्रींच्या डोक्यात सहलीचं खूळ शिरलं.

खूळ म्हणजे टाइमशेअरचं. तळ्याकाठच्या इमारतीतला एक फ्लॅट दरवर्षी एक आठवडा आपला, कायमचा. बायकोने नाक मुरडलं. ती कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची, गोड बोलणारी गिऱ्हाइकं तिने पुष्कळ पाहिली होती. राहायचं आठवडाभर, देखभालीचे पैसे दरसाल भरायचे आणि वर जन्मभर तेच तळं बघायचं, हे तिला पटेना. त्यापेक्षा हॉटेल बरं. आयता नाश्ता मिळतो, आणि जागा आवडली नाही तर पुन्हा त्या वाटेला जायला नको. लेकीच्या मते कुणाचं तरी घर चार दिवस भाड्याने घेतलेलं उत्तम, चहा तरी मनासारखा करता येतो. मिस्त्रींनी दोघींचं नीट ऐकून घेतलं आणि आपलंच घोडं पुढे दामटलं.

खरं कारण त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. कामाचे पैसे मागतानाही ज्याची जीभ अडखळते, तो पोटच्या पोरीला काय सांगणार? हक्काची जागा असली की पोरगी दरवर्षी तिथे येईल, असा त्यांचा हिशोब होता.

कंपनीने दोन दिवस फुकट राहायला बोलावलं. आवडलं तर निघताना सही करायची. तिघं पोहोचले, बॅगा टेकवल्या, आणि मिस्त्रींना कपाटाचं दार किंचित लोंबताना दिसलं. झालं! गाडीत हत्यारांची पिशवी होतीच. "आपलंच होणार आहे ना," असं म्हणत ते बिजागरीला भिडले. मग अडकणारा ड्रॉवर. मग गॅलरीचं दार, जे जमिनीला घासत होतं. मायलेकी तळ्यावर जाऊन आल्या तेव्हा मिस्त्री भुशाने माखून बसले होते आणि शेजारच्या खोलीतल्या आजोबांना त्यांच्याही खिडकीचं वचन देऊन मोकळे झाले होते. दुसऱ्या दिवशीही तेच. लेक तीनदा बोलवायला आली, तिन्ही वेळा "आलोच" म्हणाले आणि गेले नाहीत.

निघायच्या सकाळी कंपनीचा माणूस कागद घेऊन हजर झाला. दारं बघून तो इतका हरखला की सदस्य झालात तर मजल्याच्या देखभालीचं कामही तुम्हालाच देतो म्हणाला. मिस्त्रींना हा मोठा मान वाटला. बायकोने कपाळाला हात लावला.

लेक मात्र हसली नाही. ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

"बाबा, मी येईन दरवर्षी. पण इथे आले तर तुम्ही मला भेटणार कधी?"

मिस्त्रींचं पेन हातातच राहिलं. दोन दिवस पोरगी समोर होती आणि आपण तिच्याकडे पाठ करून बसलो, हे त्यांच्या आता ध्यानात आलं. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला. त्यांनी कागद मिटून परत दिले. तो माणूस सवलतीचं बोलू लागला, तेव्हा बायकोने त्याला बाहेर नेऊन असं काही ऐकवलं की तो पुन्हा आत आला नाही.

खोली सोडायला थोडा वेळ होता. बापलेक तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसले. मिस्त्रींना हात कुठे ठेवावेत ते कळेना. कधी मांडीवर, कधी बाकाच्या पाठीवर. शेवटी पाण्याकडे बघत ते म्हणाले, "तू यावंस म्हणून घेत होतो गं. जागा असली म्हणजे... मागायला नको."

"मागा की," लेक म्हणाली.

मिस्त्रींनी घसा खाकरला. मग कधी नव्हे ते तिच्याकडे वळून, अगदी हळू म्हणाले, "पुढच्या वर्षी ये हं. मला करमणार नाही."