जिभाऊंचे मेल आणि तीनशे अकरा माणसांचा रोट

आमच्या जिभाऊंइतकी पत्रं लिहिणारा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नाही, आणि त्यांच्याइतका न वाचला गेलेला माणूसही झाला नाही! यातल्या पहिल्या पराक्रमाचं श्रेय सर्वस्वी त्यांचं आहे. दुसऱ्याचं मात्र माझं, आणि ते मी इतकी वर्षं कोणाला घेऊ दिलेलं नाही.

जिभाऊ म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. आमच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्या भावाला जिभाऊ म्हणतात. हे तर सगळ्या भाऊबंदांचे जिभाऊ. राहणार धानोरा, धंदा पपई आणि मिरची, आणि खरा व्यवसाय बातम्या पोचवणं. तरुणपणी गावच्या यात्रेत लाउडस्पीकर यांच्या हातात असायचा. हरवलेलं पोर, सापडलेली चप्पल, कुस्तीचा निकाल, सगळं ते एकाच आवेशात सांगत. पुढे निम्मं गाव सुरत, नाशिक, पुणं असं पांगलं आणि लाउडस्पीकर तिथवर पोचेना, तेव्हा ते माझ्याकडे आले. नंदुरबारला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्सच्या शेजारी संगणक ठेवलेला असतो, एवढ्या पुराव्यावर मी भाऊबंदांत संगणकतज्ज्ञ ठरलो होतो आणि मीही ते कधी नाकारलं नव्हतं. "व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे ना आपला," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना पंगतीत उष्टं वाढलं होतं. "व्हॉट्सॲप म्हंजे वट्टावरन्या गप्पा रे भो! कोणी उठनं, कोणी बसनं. मन्हा ढवळ्या बैल मरना, मी आठ परिच्छेद लिखात, आनि तू काय धाडं? अंगठा! माले ईमेल पाहिजे. ईमेल म्हंजे पत्र."

झालं! मी त्यांना फुकटात मिळणारी मेलची यादी काढून दिली. एक पत्र लिहायचं, बटण दाबायचं, की यादीतल्या सगळ्यांना जायचं. जिभाऊंना पंख फुटले. दर रविवारी सकाळी अंघोळ करून, टोपी घालून (हो, मेल लिहायला टोपी!) ते बसत आणि वर कुलस्वामिनीचं नाव घालून सुरुवात करत. विहिरीचं पाणी किती हात उतरलं, कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या बांधावर साप निघाला, यात्रेत कोणत्या पाळण्याचा आवाज येत होता, सगळं त्यात असे. सोबत पपईचे बावीस फोटो. बावीसही फोटोंत एकच झाड. पण खरी मजा मथळ्याची. लाउडस्पीकरची सवय सुटता सुटेना, म्हणून विहिरीला पाणी लागल्याच्या बातमीवर ते लिहीत, 'अत्यंत तातडीचे!!! आजच उघडा!!! फायदा तुमचाच!!!' मी एकदा म्हटलं, जिभाऊ, हे टक्कल जाण्याच्या तेलाच्या जाहिरातीसारखं वाटतं. ते खूश होऊन म्हणाले, "मंग? ते तेल इकायस ना!"

यादीत नाव घालायला कोणाची परवानगी लागते, ही कल्पना त्यांना शेवटपर्यंत पटली नाही. लग्नपत्रिकेवरचे पत्ते, दुकानाच्या पाटीवरचे पत्ते, शहाद्याच्या बसमधला एक कंडक्टर, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यावर ऊस टाकायला गेले असता रांगेत भेटलेला कोणी, सगळे यादीत. मी विचारलं, अहो, त्यांना विचारलंत का? म्हणाले, "इचारानं काय? मी काय त्यासनं वावर मन्हा नाववर करी ली ऱ्हायनू का? बातमीच तर दी ऱ्हायनू!"

आता माझ्या हुशारीकडे वळतो. मेलच्या तळाशी 'यादीतून नाव काढा' अशी ओळ असते. यादी तयार करताना मला एक पर्याय दिसला, की कोणी नाव काढलं तर मालकाला लगेच कळवायचं का? मी मोठ्या उत्साहात 'हो' केलं. मालकाला कळायला नको? तिसऱ्याच महिन्यात नाशिकच्या एका चुलतभावाने ती ओळ दाबली. सोमवारी सकाळी जिभाऊ एसटीने नाशिकला त्याच्या दारात! हातात पपईची पिशवी, डोळ्यांत पाणी. "भो, मन्हं काय चुकनं?" त्या बिचाऱ्याने दोन दिवस त्यांना ठेवून घेतलं, पंचवटी दाखवली, आणि नाव पुन्हा घातलं. ही बातमी जिभाऊंच्या मेलपेक्षा किती तरी वेगाने सगळीकडे पोचली. त्यानंतर ती ओळ दाबायची कोणाची छाती झाली नाही.

मग फोन येऊ लागले ते मला. "तू शाना शे ना, सांग, या मेलसनं काय करू? डबा भरी गया. नाव काढं तं जिभाऊ घर येस!" आमच्या माणसांत भीड फार. कोणाच्या तोंडावर नको म्हणणं जमत नाही. त्याचा पाहुणचार करू, दोन दिवस ठेवून घेऊ, पण नको म्हणणार नाही. तेव्हा मी, झेरॉक्स दुकानाचा मालक, खुर्चीत रेलून सर्वांना एकच तोडगा सांगितला. वरती 'स्पॅम' असं बटण आहे, ते दाब. मेल समोरून जातो, जिभाऊंना कळत नाही, भीडही राहते! पहिल्यांदा मी स्वतः दाबलं आणि मग सुरतेपासून पुण्यापर्यंत चाळीसेक जणांकडून दाबवून घेतलं. फोन ठेवताना प्रत्येक जण म्हणे, "काय डोकं शे तुन्हं!" मलाही तसंच वाटत होतं.

गेल्या श्रावणाच्या आधीच जिभाऊंच्या मनात आलं, की या साली कानबाईचा रोट एकच करायचा. कानबाई म्हणजे आमच्या घराघरातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते आणि सगळे भाऊबंद एकत्र येऊन रोटाचा नैवेद्य करतात. माणशी सव्वा मूठ गहू मोजायचे, दळायचे, रांधायचे. तो प्रसाद भाऊबंदांखेरीज कोणाला द्यायचा नाही, टाकायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. पण भाऊबंद पांगले तसा रोटही पांगला. सुरतेत वेगळा, नाशकात वेगळा. जिभाऊंच्या धाकट्या सख्ख्या भावाची मरण्याआधी हीच एक इच्छा होती, की बठ्ठ्यांचा, म्हणजे सगळ्यांचा, रोट एकदा एका चुलीवर व्हावा. म्हणून जिभाऊंनी रविवारची वाट न पाहता आषाढापासून अकरा मेल लिहिले. चूलबंद आवतण! म्हणजे घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी यायचं. मथळा होता, 'जेवण शंभर टक्के मोफत!!! शेवटची संधी!!!'

एकाचंही उत्तर आलं नाही, आणि जिभाऊंना आनंद झाला! कारण आमच्याकडचा हिशोब असा. "जो येनार नही, तो धा कारनं सांगस. येनारा गपचूप पिशवी भरस." उत्तर नाही, म्हणजे सगळे येणार! त्यांनी भाऊबंदांची नावं काढली, प्रत्येकाच्या घरातली माणसं मोजली, तीनशे अकरा भरली, आणि शनिवारी सकाळी देवीसमोर बसून प्रत्येकाचं नाव घेत सव्वा मूठ, सव्वा मूठ असे गहू मोजले. जिभाऊंची मूठ म्हणजे लहान सूपच. अर्ध्या पोत्याच्या वर पीठ झालं.

दुपारी मला फोन. "भो, तू आजून उना नही?"

"कशाला, जिभाऊ?"

"मेल वाचा नही का?"

"वाचला तर! निघतोच आहे," मी बेधडक म्हणालो, आणि फोन ठेवून स्पॅमचा डबा उघडला. लॉटरी लागल्याची खबर, केसांचं तेल, आणि त्यांच्या मधोमध टोपी घालून बसल्यासारखे जिभाऊंचे अकराच्या अकरा मेल! मी एकेकाला फोन लावत सुटलो. कोणालाच पत्ता नव्हता. ज्यांनी बटण दाबलं त्यांना नव्हता हे समजलं, पण आमच्या भाऊबंदांतल्या बारडोलीच्या अप्पांनी तर कधीच काही दाबलं नव्हतं. ते जिभाऊंचे मेल चष्मा पुसून वाचायचे. ते फोनवर घुश्शात म्हणाले, "चार महिना व्हयनात, माले एक मेल नही. बांधनं भांडन मनम्हान ठीसन त्यानी मन्हं नाव काटी टाकं!"

तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढून मी पहिल्यांदा खरोखर वाचलं, की हे मेलवाले असं का करतात. गावासारखंच आहे ते. चार घरांनी चावडीवर सांगितलं, की हा माणूस त्रास देतो, की वेशीवरचा राखणदार त्याला सगळ्याच घरांसाठी अडवतो. ज्या घरात त्याची वाट पाहतात, त्या घरासाठीसुद्धा. वर त्याने आरडाओरडा केला, न विचारता दारं ठोठावली, मेलेल्या माणसांच्या पत्त्यावर पत्रं टाकली, की संशय पक्का. स्पॅमचं बटण म्हणजे कचऱ्याची टोपली नव्हतं, तक्रार होती. चाळीस जणांनी भिडेपोटी जिभाऊंवर तक्रार केली होती, आणि तक्रारअर्ज लिहून देणारा मुन्शी मी!

मग काय विचारता! शनिवारची ती दुपार मी आयुष्यात विसरणार नाही. दोन फोन, एक कानाला, एक चार्जिंगला. "बारडोली? अप्पा, तुमचं नाव काटलं नाही हो, पाप माझं आहे, गाडी पकडा!" "सुरत? काही विचारू नका, पोरांसकट निघा!" "नाशिक? तू तर येच, तुला पंचवटीचं पुण्य आहे!" रविवारी दुपारपर्यंत जीप, मोटरसायकली, एक टेम्पो, असं करत माणसं येत राहिली. प्रत्येक गाडीला जिभाऊ वेशीवर उभे. संध्याकाळी मोजली तर त्र्याऐंशी. पीठ तीनशे अकरांचं. अप्पा उतरले, जिभाऊंकडे न बघता म्हणाले, "पपईना फोटो काबर बंद करात?" आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. मी खांबामागे उभा राहून रोट खात होतो. शिक्षेची ही नुसती सुरुवात होती. पुढचे दिवस मी सकाळ-दुपार-संध्याकाळ रोटच खाल्ला, आणि उरलेला डब्यात भरून पौर्णिमेच्या आत सुरतेच्या एकेका दारात स्वतः पोचवला.

सोमवारी देवीचं विसर्जन करून आल्यावर मी जिभाऊंना सगळं सांगितलं. वाटलं, आता काठी येते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एवढंच विचारलं, "कारे भो, बटन दाबाना पहिले वाचं तरी व्हतं का?"

मी गप्प. गप्प म्हणजे होकार, हा त्यांचाच हिशोब. पण या खेपेला तो त्यांनी लावला नाही.

नंतर आम्ही यादी साफ करायला बसलो. कंडक्टर गेला, उसाच्या रांगेतला गेला, बंद पडलेले पत्ते गेले. मथळ्यातली उद्गारचिन्हं बऱ्याच वाटाघाटींनी एकावर आली. एका नावाशी मात्र जिभाऊंनी माझा हात धरला. धाकट्या भावाचं नाव. त्याला जाऊन तीन वर्षं झाली, खातं बंद, दर रविवारी मेल इंग्रजी शेऱ्यासकट परत येतो. मी समजावलं, जिभाऊ, अशानेच तर राखणदाराला संशय येतो. उत्तरं आली तर पत वाढते, मेल परत आले तर घटते.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तुम्ही बठा वाचतस का नही, देव जाने. धाकलाकडथीन दर ऐतवार उत्तर येस. दोनच ओळी येतस, इंग्रजीम्हान. पन येस."

ते नाव आहे तिथेच आहे. आता रविवारी दुकान उघडलं, की मी आधी स्पॅमचा डबा पाहतो. अजून अधूनमधून जिभाऊ तिथे सापडतात. त्यांना हाताला धरून बाहेर काढतो, बावीसही पपया पाहतो, आणि खाली दोन ओळी लिहितो. मराठीत. "जिभाऊ, मेल मिळाला. विहिरीला पाणी किती हात आहे?"