तात्यांच्या गॅरेजमधली गळकी इंजिनं

आमच्या गॅरेजमध्ये जुनी गॅस्केटं, म्हणजे ऑइल गळू नये म्हणून सांध्यात घालायच्या पातळ पट्ट्या, कुणी टाकून देत नाही. नवीन कापताना माप लागतं म्हणून ती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवतात. किस्स्यांचंही तसंच होतं. तात्यांच्या हाताखाली उद्यमनगरात इतकी वर्षं काढल्यावर खिळा कमी पडायला लागतो.

तात्या फक्त जुन्या गाड्यांची इंजिनं करतात. ज्या दिवशी आपल्या हातून ऑइल गळणारी गाडी बाहेर जाईल त्या दिवशी पाना खाली ठेवायचा, असं ते सांगतात. बाजारात त्यांचं नाव आहे ते एवढ्यावरच.

*

इंजिन बांधून झालं की ते गरम करून बंद करायचं, खाली पांढरं धोतर अंथरायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडीला हात लावायचा नाही, ही आमची रीत. मुरगूडच्या एका गिऱ्हाइकाला मुलाच्या वरातीसाठी गाडी हवी होती. सकाळी धोतरावर मोहरीएवढा डाग दिसला. तात्यांनी किल्ली खिशात घातली. गिऱ्हाईक हातापाया पडलं, मग चिडलं, मग परत हातापाया पडलं.

"पावणं, नवरदेव चालत गेला तरी लगीन लागतंय," तात्या म्हणाले आणि इंजिन खोलायला बसले.

*

बबन आमचा फिटर. सकाळी तालमीत जोर मारून यायचा आणि उरलेली ताकद बोल्टवर काढायचा. एकदा त्यानं इंजिनाचं वरचं झाकण असं आवळलं की आतलं बुचाचं गॅस्केट चेंगरून बाहेर आलं. गाडी चालू करताच ऑइल चारी बाजूंनी वाहायला लागलं.

तात्या ओरडले नाहीत. त्यांनी झाकण काढलं, बोल्टच्या भोकांच्या वर आलेल्या कडा ठोकून सपाट केल्या आणि नवीन गॅस्केट बसवलं. मग मधल्या बोल्टपासून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत गेले.

"त्येला चितपट करायचं नसतंय, बबन. नुसतं धरून ठेवायचं."

*

इंजिनातल्या क्रँकच्या मागच्या बाजूला ऑइल अडवायला दोरीचं सील बसतं. ते तात्या आदल्या दिवशी ऑइलमध्ये भिजत घालतात आणि बसवताना कुणाशी बोलत नाहीत. एकदा नेमका त्याच वेळी सुनेच्या माहेरून फोन आला. नात झाली होती. मी फोन घेऊन शेजारी उभा राहिलो. त्यांनी सील खाचेत दाबलं, टोकं कापली, वरची कॅप आवळली, हात पुसले आणि मगच फोन घेतला. तिकडची माणसं रागावली होती. तात्यांचे डोळे मात्र भरले होते, ते मी पाहिलं.

*

कोडोलीच्या अण्णांची काळी गाडी ते वारल्यावर आमच्याकडे आली. अंगणात नवीन फरशी घातली होती आणि गाडी गळून तिच्यावर डाग पडतील, म्हणून त्यांच्या मुलानं पाठवली होती. तात्यांनी अख्खं इंजिन उतरवलं. तळाचा ऑइल साठवणारा सम्प वाकलेला होता, तो सरळ करण्यातच बराच वेळ गेला. गाडी परत गेली ती एकदम कोरडी.

काही दिवसांनी अण्णांच्या पत्नी, आक्का, पुतण्याला घेऊन त्याच गाडीतून आल्या. तात्यांनी खुर्ची पुसून दिली, पण त्या बसल्या नाहीत.

"काय बिघडलं का, आक्का?"

"न्हाय, गाडी चांगली केलीसा की. थेंब पडत न्हाय." गाडीखालच्या जमिनीकडे बघत त्या म्हणाल्या, "ह्यांनी गाडी लावली की खाली ट्रे सरकवायचे. ते गेल्यावर मी सरकवत हुते. सकाळी उठून बघितलं की ट्रेमधी ऑइल असायचं. वाटायचं, अजून कायतरी चालू हाय. आता रोज कोरडा ट्रे उचलतीया. बघवत न्हाय."

बबन हातातलं काम सोडून बाहेर गेला. तात्या मात्र गाडीकडे बघत तसेच उभे राहिले.

मग त्यांनी पाना घेतला, जमिनीवर पोतं टाकलं आणि ते गाडीखाली गेले. सम्पचा एक बोल्ट सैल होताना करकरल्याचा आवाज आला. ते बाहेर आले आणि हात पुसत आक्कांना म्हणाले,

"गळंल आता. ऑइल तेवढं बघत जावा."