शो होणार म्हणजे होणार

टेमघरच्या माधवीबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि पूर्वा भोईर या नवख्या दिग्दर्शिकेच्या सिनेमाच्या प्रेमातच पडल्या. मिठागरातल्या बायकांवरचा तो सिनेमा त्या तिसऱ्यांदा पाहायला गेल्या, तर मॅनेजर म्हणाला, "तुम्ही एकट्याच आहात, बाई. शो कॅन्सल."

"एकटी म्हणजे कोणीच नाही का?" त्या खुर्चीत ठाण मांडून बसल्या. "पोरीनं स्वतःच्या हिमतीवर सिनेमा काढलाय. मी उठत नाही."

शेवटी वैतागून त्यानं शो लावला. झाडू मारणारी बुधी आत डोकावली आणि ओरडली, "अगं बया, ही तर आमची खारबावची खाडी हाय!"

"मग बस की इथं," बाई म्हणाल्या.

सिनेमा संपल्यावर त्यांनी मॅनेजरला बजावलं, "उद्याही लावा. आम्ही दोघी येतोय."