तूबाखानमच्या गादीवरचा लाल तुकडा

आमच्या काशान शहरात तोंडावर 'नाही' म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. त्यातही उस्ताद हैबतुल्ला म्हणजे कळस. घरात शिरलेल्या चोरालाही 'जपून हं, पायरी तुटकी आहे' म्हणतील!

पन्नास वर्षं त्यांनी लाकडी जाळीत रंगीत काचा बसवल्या, लोकांच्या खिडक्यांना. स्वतःच्या घरी एकच खिडकी, पश्चिमेची, बायकोसाठी केलेली. तूबाखानम तिच्यासमोर गादीवर बसून भाजी निवडायची आणि दुपार कलली की तिच्या मांडीवर उजेडाचा लाल तुकडा येऊन पडायचा. तिला जाऊन सहा वर्षं झाली. तुकडा मात्र रोज त्याच वेळी गादीवर यायचा आणि उस्ताद समोर बसून दोन पेल्यांत चहा ओतायचे. मला कसं ठाऊक? माझ्या गच्चीतून दिसतं. मान थोडी ताणावी लागते, एवढंच.

"म्हातारपणी काचेच्या प्रेमात पडलात होय?" मी चिडवायचो.

"काचेचा नुसता रंग रे, चोंबड्या. आपण होऊन दिसतो तो फक्त उजेड. बाकी सगळे त्याच्यामुळे दिसतात. तीसुद्धा..." पुढचं चहाबरोबर गिळायचे.

मग त्या खिडकीपलीकडचं घर कियूमर्सनं घेतलं. वीस वर्षं परदेशात राहून आलेला, भला माणूस. मिठाईचा डबा घेऊन आला. "उस्ताद, एक मजला चढवतोय. तुमचा उजेड अडणार असेल तर सांगा, नाही चढवत."

उस्तादांनी छातीवर हात ठेवला. "अहो, काय बोलता! घर तुमचं, उजेडही तुमचाच. खुशाल बांधा, अगदी माझ्या डोळ्यांवर बांधा!"

आता आमच्यात असं तीनदा विचारायचं असतं. पहिली दोन उत्तरं रीतीची, तिसरं मनातलं. कियूमर्स एकदाच विचारून खूश होऊन गेला. दुसऱ्या दिवशी विटा आल्या.

भिंत कमरेइतकी झाली तेव्हा मला राहवेना. जाऊन त्याच्या कानात सगळं ओतलं. बिचारा धावत आला. "उस्ताद, थांबवू का?"

"तुमच्या जिवाची शपथ, थांबलात तर मी रुसेन!"

हे दुसरं. बाहेर मी त्याची बाही ओढली. "अजून एकदा विचार, गाढवा!"

"त्यांनी शपथ घातलीय, आगा. आता विचारलं तर अपमान होईल त्यांचा."

भिंत पुरी झाली. खिडकी आहे, काचा आहेत, तुकडा गेला.

परवा दिवेलागणीला उस्तादांच्या अंगणात खिडकीबाहेर कंदील टांगलेला दिसला. दिवा लागला की आमच्याकडे जमलेले सगळे मिळून दुरूद, म्हणजे पैगंबरांसाठीची प्रार्थना, म्हणतात. आतून एकच आवाज आला. मी दार ठोठावलं.

"या, आत या," उस्ताद म्हणाले.

तीनदा म्हणवून घ्यायची माझी सवय. त्या दिवशी पहिल्या बोलावण्यालाच शिरलो.

कंदिलाचा लाल तुकडा आत पडला होता खरा, पण गादीपासून हातभर बाजूला, उघड्या फरशीवर.

"उस्ताद, गादी जरा इकडे सरकवू का?"

त्यांनी दुसरा पेला माझ्यापुढे ठेवला.

"नको. ती तिथेच बसायची."