भरपूर वासनेची कॉफी

दहाव्या दिवशी नदीकाठी कावळा पिंडाला शिवेना. भटजींनी हळूच विचारलं, "तुमच्या अक्कांची काही वासना राहिली होती का?" आणि मला त्या जागी, ओल्या धोतरात, हसू आलं.

भटजी महाराष्ट्रातून आलेले. त्यांच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ इच्छा. आमच्या तंजावरच्या मराठीत, तमिळच्या शेजारामुळे, वासना म्हणजे सुवास. जाईला वासना असते, कढवलेल्या तुपाला असते. आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, कॉफीला तर इतकी होती, की तिच्यापायी आमचं घर काही दिवस वेडं झालं होतं.

देशात तेव्हा सगळंच मोकळं होऊ लागलं होतं. कोपऱ्यावर एसटीडीची पिवळी पाटी लागली होती, आणि मळेवाल्यांना आपली कॉफी आपल्या मर्जीने विकायची मुभा मिळू लागली होती. अक्का बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. शाळेला व्हॅन हवी होती. पापनाशमकडच्या खेड्यांतली लहान मुलं एकटी बसने येऊ शकत नसत, म्हणून ती घरीच राहत. अक्काच्या एका मैत्रिणीचा डोंगरात मळा होता. तिने शाळेसाठी कच्च्या बियांची पोती पाठवून दिली. बिया भाजायच्या, शाळेच्या मेळ्यात विकायच्या आणि व्हॅन घ्यायची, असा अक्काचा बेत.

तिचा हट्ट एकच. कॉफीत चिकोरी, ती भाजलेल्या मुळांची स्वस्त पूड, घालायची नाही. "मुलांच्या नावाने विकतोय. पाकिटावर कॉफी लिहायचं तर आत कॉफीच हवी."

आमची सगळी गल्ली चिकोरीवर वाढलेली. शेजारच्या मामी म्हणाल्या, "तुझ्या अप्पांना रुचली तर मी घेईन." बाकीच्यांनीही तेच सांगितलं. अप्पांची, आमच्या वडिलांची, जीभ म्हणजे गल्लीचं कोर्ट होतं. रसमात मीठ जास्त पडलं का, हे विचारायलाही लोक वाटी घेऊन यायचे. म्हणजे त्या मुलांची व्हॅन अप्पांच्या एका घोटावर येऊन थांबली.

मागच्या अंगणात आम्ही शेगडी पेटवली. अक्काने हिरवट बिया लोखंडी कढईत टाकल्या आणि मला झारा दिला. मी तोवर कॉफी भाजण्याविषयी फक्त वाचलं होतं. बिया आधी पिवळ्या झाल्या, ओल्या गवतासारखा वास सुटला, मग त्या तडतडू लागल्या. फोलपटं उडून माझ्या चष्म्यावर बसली. अक्का ओरडत होती, "हलव, हलव! पुस्तक वाचतोस काय रे कढईत?" बियांना चॉकलेटसारखा रंग आला तशी तिने कढई सुपात उपडी केली आणि आम्ही दोघं पंख्याने वारा घालत सुटलो. भिंतीपलीकडून मामींचं डोकं वर आलं. "काय गं ही वासना!"

त्या दिवसांत आमच्याकडे पुण्याच्या एक बाई उतरल्या होत्या. जुनी मोडी कागदपत्रं वाचायला आल्या होत्या. मामींचं वाक्य ऐकून त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी अप्पा ओसरीवर बसले. अक्काने रोजच्यासारखं फिल्टर भरलं, डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरवलं, दूध घातलं आणि डवऱ्यात, त्या पसरट वाटीत, पेला ठेवून पुढे केला. अप्पांनी आधी रंग पाहिला. "हे काय? दुधाला बघून कॉफी लाजली की काय?" एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "नक्को."

भिंतीपलीकडचं डोकं खाली गेलं. अक्का फिल्टर उचलून आत गेली. मी मागोमाग गेलो. ती फिल्टरमधला चोथा बोटाने उकरत होती.

"पाणी किती भरभर उतरलं, पाहिलंस?" ती म्हणाली. "चिकोरी पाणी धरून ठेवते. इथे धरायला कुणी नव्हतं. आणि आपण भरलं मात्र रोजच्या सैल हातानेच."

तिने दळणयंत्राचा स्क्रू आवळला. मी दांडा फिरवला. पूड बारीक, जवळजवळ पिठासारखी पडली. ती तिने फिल्टरात दाबून भरली, पुन्हा दाबली, वर थोडंसंच पाणी घातलं. मग आम्ही फिल्टरला कान लावून बसलो. थेंब. बराच वेळ काही नाही. पुन्हा थेंब. अक्काने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या बोटांचे वण उठले.

अप्पांनी दुसरा पेला उचलला. या खेपेस रंग नीट होता. त्यांनी तो नाकाशी नेला, डोळे मिटले आणि तिथेच थांबले. अक्का, मी आणि आपला पेला घेतलेल्या पुण्याच्या बाई, आम्ही तिघं उभे. शेवटी गंभीरपणे म्हणाले, "वासना भरपूर आहे."

पुण्याच्या बाईंच्या तोंडातली कॉफी नाकातून आली. ठसका, हसू, डोळ्यांत पाणी. "काका, आमच्याकडे असं चारचौघांत बोलत नाहीत हो!" मग त्यांनी त्यांच्याकडचा अर्थ, कामवासना, सांगितला. अक्का लाजून लाल झाली. अप्पांनी घोट घेतला, आणखी एक घेतला, पेला रिकामा केला. "पुण्याला बोलायला शिकवा," ते म्हणाले. "आणि मला अजून एक."

भिंतीपलीकडून आवाज आला, "मग मला दोन पाकिटं!"

मेळ्यासाठी फलक मी लिहिला, वर तमिळ आणि खाली देवनागरी: भरपूर वासनेची कॉफी. बाईंनी शब्द बदलायला सांगितला. अक्का म्हणाली, "राहू दे. इथे देवनागरी वाचतोय कोण?" वाचणारे निघालेच. ते हसत आले, पेला पिऊन पाकीट घेऊन गेले, आणि दुपार कलायच्या आत सगळी पाकिटं संपली. व्हॅन आली त्या सकाळी अक्का ड्रायव्हरशेजारी बसून पापनाशमपर्यंत गेली आणि परतली ती मांडीवर एका मुलीला घेऊन. ती मुलगी सारखा व्हॅनचा पत्रा चाचपत होती. हॉर्न वाजला की तिथे हाताला कळतं, असं अक्काने तिला दाखवलं होतं.

हे सगळं नदीकाठी मनात येऊन गेलं. "हो, राहिली होती," मी भटजींना सांगितलं. "कॉफीची."

"मग आणा की. तिठ्यावर दुकान आहे."

"त्यांची चिकोरीची असते. तिला चालणार नाही. घरून आणतो."

"उशीर होईल हो!"

"होईल," मी म्हणालो आणि धोतर सावरत निघालो. पूड बारीक दळायची होती आणि फिल्टर दाबून भरायचं होतं.